उंबरठ्याखालचं पोलाद

कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा डोंगरात लून लेकच्या काठाने पुढे गेलं की डांबर संपतं आणि करड्या ग्रॅनाइटचं राज्य सुरू होतं. हिमनद्यांनी घासून काढलेल्या शिळा, त्यांच्या मधल्या घळींत अडकलेले कमरेएवढे धोंडे आणि त्यांतूनच काढलेली गाडीवाट. गाडीची पुढची चाकं धोंड्यावर चढून पलीकडे उतरलेली असतात, मागची अजून अलीकडेच असतात. धोंडा अशा वेळी बरोबर गाडीच्या मधोमध, दाराच्या खालच्या कडेशी आलेला असतो. आत बसलेल्याला तो दिसत नाही. बाहेर उभा असलेला वाटाड्या तळहात दाखवून गाडी थांबवतो, वाकून खाली बघतो, मग दोन बोटांनी पुढे बोलावतो. ब्रेक सुटतो, गाडी चार बोटं खाली बसते आणि आवाज येतो.

हा आवाज दोन प्रकारचा असतो. एक, तेलाचा रिकामा डबा पायाखाली चिरडावा तसा. तो ऐकला की आजूबाजूची माणसं बोलायची थांबतात. दुसरा, ऐरणीवर घण बसावा तसा ठणठणीत, आणि त्याच्यामागोमाग लोखंड दगडावरून ओढल्याची लांब खरखर. हा ऐकला की कुणी वर बघतही नाही, कारण गाडी पुढे निघालेली असते.

या दोन आवाजांमधलं अंतर म्हणजे गाडीच्या दोन्ही बाजूंना दारांखाली बसवलेल्या दोन पोलादी नळ्या. त्यांना रॉक स्लायडर म्हणतात.

*

दाराखाली जी लांब पोकळ पेटी असते तिला इंग्रजीत 'सिल' म्हणतात, म्हणजे उंबरठाच. अमेरिकेतल्या गॅरेजमध्ये तिचं नाव 'रॉकर पॅनेल'. बाहेरून ती भक्कम दिसते, पण तिचा बाहेरचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास जाड असतो. दोन्ही दारांमधला खांब याच पेटीत उतरतो आणि दारांच्या चौकटीही तिच्यावरच उभ्या असतात. त्यामुळे उंबरठा दबला की फक्त पोचा येऊन भागत नाही. चौकट हलते, दार घासू लागतं, कधी उघडतच नाही. दार किंवा बंपर बदलता येतो. उंबरठा मात्र कापून काढावा लागतो आणि नवा जोडावा लागतो. ते काम वेळखाऊही आहे आणि महागही.

आता या उंबरठ्यावर दगड नेमका का येतो, ते पाहू. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर जितकं जास्त, तितकी गाडीचं पोट उंचवट्यावर टेकण्याची शक्यता जास्त. पोट न टेकवता गाडी जास्तीत जास्त जेवढ्या कोनाचा उंचवटा पार करू शकते, त्याला उंचवटा ओलांडण्याचा कोन म्हणतात. हे समजायला भारतातलंच जोडीचं उदाहरण सोपं आहे. तीन दारांच्या महिंद्रा थारमध्ये पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर २४५० मिलिमीटर आहे आणि हा कोन २७ अंश. पाच दारांच्या थार रॉक्समध्ये तेच अंतर २८५० मिलिमीटर झालं आणि कोन २३.९ अंशांवर आला. चाळीस सेंटिमीटर लांबी वाढली, त्याची किंमत तीन अंश.

अमेरिकेतल्या पिकअप ट्रकची गोष्ट याहून अवघड आहे. टोयोटा टाकोमा हा तिथल्या डोंगरवाटांवर सर्रास दिसणारा ट्रक. १९९५ साली तो बाजारात आला. त्याच्या तिसऱ्या पिढीत, म्हणजे २०१६ ते २०२३ या काळात विकल्या गेलेल्या गाड्यांत, चार दारं आणि आखूड हौदा असलेल्या नमुन्याच्या चाकांमधलं अंतर ३२३६ मिलिमीटर आहे. हौदा लांब घेतला तर ते ३५७१ मिलिमीटर होतं. शेजारच्या दोन दारांच्या जीप रँग्लरमध्ये हेच अंतर २४५९ मिलिमीटर. म्हणजे रँग्लर ज्या धोंड्यावरून पोट न टेकता निघून जाईल, त्याच धोंड्यावर टाकोमा बसणार. ती बसणार हे गृहीत धरूनच तिची तयारी करावी लागते.

*

ज्या वाटेवर हे सारं घडतं ती रुबिकॉन ट्रेल सुमारे ३५ किलोमीटर लांब आहे. जॉर्जटाउन हे जुनं खाणगाव आणि टाहो सरोवर यांना ती जोडते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मध्यावरच्या रुबिकॉन स्प्रिंग्ज या झऱ्यांपाशी हॉटेल होतं. तिथलं खनिजयुक्त पाणी बाटल्यांत भरून विकलं जाई. हॉटेल गेलं, वाट राहिली. १९५३ च्या ऑगस्टमध्ये जॉर्जटाउनच्या काही मंडळींनी जीपवाल्यांना जमवून ही वाट पार करायचं ठरवलं. ५५ जीप आणि १५५ माणसं निघाली. तो मेळा आजही दर वर्षी भरतो.

त्या काळातली विलीज जीप फक्त २०३२ मिलिमीटरच्या चाकांतराची होती. स्वातंत्र्यानंतर मुंबईत महिंद्रांनी जुळवायला घेतलेल्या जीप याच घराण्यातल्या. खेड्यापाड्यांत निवडणुकीच्या, पोलिसांच्या आणि वनखात्याच्या कामावर धावलेली ती आखूड, खुटखुटीत गाडी मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर सहज येईल. तिला उंबरठा असा नव्हताच. दाराच्या जागी कापलेला पत्रा आणि खाली मोकळी जागा. दगड लागला तर पत्र्याला पोचा येई, हातोडीने तो काढला जाई. गाड्या लांब झाल्या, त्यांना चार दारं आली, काचा विजेवर वरखाली होऊ लागल्या, उंबरठ्यातून तारा धावू लागल्या. वाट मात्र होती तशीच राहिली. २००३ साली जीपने रँग्लरचा एक नमुना या वाटेच्या नावानेच बाजारात आणला. पुढच्या-मागच्या दोन्ही धुऱ्यांना लॉक होणारे डिफरन्शियल, चार पटींचा लो गिअर, आणि दारांखाली नक्षीदार जाड पत्र्याची पट्टी असा त्याचा सरंजाम होता. कारखान्यातूनच उंबरठ्याला संरक्षण मिळायला लागलं ते असं. टाकोमाच्या मालकांना मात्र बराच काळ हे काम स्वतःच करावं लागलं, आणि त्यातूनच गल्लोगल्लीच्या वेल्डरांची एक कला उभी राहिली.

*

गाडीच्या दाराखाली नळी दिसली की तो स्लायडर, असा गैरसमज सर्वत्र आहे. पाय ठेवून आत चढण्यासाठी जी पायरी बसवतात तीही दिसायला तशीच असते. पण पायरी बहुधा उंबरठ्याच्याच पत्र्याला पातळ पट्ट्यांनी अडकवलेली असते. शंभर किलोचा माणूस ती पेलते. दोन टनांची गाडी तिच्यावर टेकली की पायरी वर वाकते आणि ज्या उंबरठ्याला वाचवायचं त्याच्यातच घुसते. दगडाने केलं नसतं एवढं नुकसान ती करते.

स्लायडरचा उंबरठ्याशी काहीही संबंध नसतो. तो चासीला जोडलेला असतो. टाकोमा, थार, जिम्नी या शिडीसारख्या चासीवर बांधलेल्या गाड्या आहेत. खाली दोन जाड लांब पोलादी तुळया, त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या, आणि त्यावर रबरी गाद्यांवर ठेवलेलं शरीर. इंजिन, धुरा, चाकं यांचा सगळा भार या शिडीवर. स्लायडरचं काम एकच: दगडाने दिलेला धक्का पत्र्याला न लावता या शिडीपर्यंत पोचवायचा.

अडचण अशी की शिडी आत असते आणि उंबरठा बाहेर. दोघांमधलं अंतर साधारण २५ ते ३० सेंटिमीटर भरतं. मुख्य नळी उंबरठ्याखाली आणि तिचे तीन-चार पाय आत चासीपर्यंत गेलेले, असा स्लायडरचा आकार त्यातूनच ठरतो. आणि इथेच तरफेचं जुनं गणित कामाला येतं. दोन टनांच्या गाडीचा अर्धा भार, म्हणजे हजार किलो, एका बाजूच्या नळीवर आला आणि पायाची लांबी २८ सेंटिमीटर धरली, तर चासीपाशी पडणारा पीळ २८० किलोग्रॅम-मीटर होतो. टाकोमाच्या चाकाचं नट घट्ट करताना जितका पीळ देतात त्याच्या सुमारे चोवीस पट. हा पीळ सगळ्या पायांत सारखा वाटला जात नाही. धोंडा ज्या पायाच्या खाली येईल त्याच्यावर बहुतेक सगळा येतो. शिवाय हे गणित स्थिर गाडीचं झालं. गाडी शिळेवरून घसरून आदळली की आकडा आणखी चढतो.

बाहेरच्या टोकाला भार वर ढकलतो, तेव्हा आतल्या टोकाला पायाची वरची कड चासीच्या भिंतीत रुतू पाहते आणि खालची कड भिंतीपासून सुटू पाहते. चासीची भिंत बहुधा तीन-चार मिलिमीटरची असते. पायाचं टोक थेट तिच्यावर जोडलं तर नळी जागच्या जागी शाबूत राहते आणि चासीची भिंतच आत दबते. म्हणून मध्ये जाड पट्टी घालतात, साधारण पाच मिलिमीटरची, पायापेक्षा बरीच मोठी आणि उंचीला शक्य तितकी जास्त, म्हणजे भार पसरतो. दुकानात स्लायडर पाहायला गेलेला नवखा माणूस नळीवर बोट वाजवून बघतो. जाणकार मात्र आधी गुडघे टेकून ही पट्टी बघतो.

नळीचीही निवड असतेच. मुख्य नळीला बरेच जण दोन इंची चौकोनी पाइप घेतात, ४.८ मिलिमीटर जाडीचा. बाहेरच्या कडेला पावणेदोन इंची गोल नळी, तीन मिलिमीटर भिंतीची. गोल नळीत 'डीओएम' जातीला मान आहे. शिवण मारलेली नळी साच्याच्या दांड्यावरून थंड अवस्थेतच ओढून काढतात. त्यामुळे तिची जाडी सगळीकडे सारखी होते आणि ताकद वाढते. नळकामाचा पाइप मात्र या कामाला घ्यायचा नाही हे तिथला प्रत्येक वेल्डर सांगतो. त्यावरच्या जस्ताच्या मुलाम्याचा वेल्डिंग करताना निघणारा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो.

*

प्रत्यक्ष बसवण्याचं काम दोन माणसांचं आणि एका पूर्ण दिवसाचं. दोन वाटा आहेत: बोल्ट आणि वेल्डिंग. कुठली चांगली यावर भांडणं होतात, पण दोन्हींत कष्ट तेवढेच आहेत, फक्त ते वेगवेगळ्या वेळी करावे लागतात.

बोल्टवाल्या स्लायडरला चासीतली मूळची भोकं वापरतात. भोकं कमी पडली तर चासीला कवेत घेणारे यू आकाराचे बोल्ट लावतात, किंवा आतून-बाहेरून दोन पट्ट्या ठेवून चासी मध्ये दाबून धरतात. तिसऱ्या पिढीच्या टाकोमाच्या चासीचा पुढचा भाग चारही बाजूंनी बंद पेटीसारखा आहे, मागचा भाग एका बाजूने उघड्या चॅनेलसारखा. उघड्या चॅनेलमध्ये हात जातो, नट धरता येतं. बंद पेटीत कसं धरणार? त्यासाठी पट्टीवर नट आधीच वेल्ड करून घेतात, पट्टीला लांब तार बांधतात, आणि ती तार दूरच्या एखाद्या भोकातून आत सोडून, लेंग्यात नाडी ओवावी तशी, हव्या त्या भोकापर्यंत ओढून आणतात. तार हलवत, टॉर्च धरत, एकाने आत डोकावायचं आणि दुसऱ्याने बोल्टचं तोंड शोधायचं. एका पायासाठी कधी अर्धा तास जातो. बंद पेटीतून आरपार बोल्ट न्यायचा झाला तर आत पोलादी नळकांडं घालावंच लागतं, नाहीतर बोल्ट आवळता आवळता पेटीच्याच दोन्ही भिंती एकमेकींकडे वाकतात.

बोल्ट हा जोड घर्षणाने धरून ठेवतो. आवळल्याने दोन पट्ट्या एकमेकींवर इतक्या दाबल्या जातात की त्या सरकत नाहीत. दाब कमी झाला की पट्टी हलू लागते, आणि मग सगळा भार बोल्टच्या दांड्यावर आडवा येतो. म्हणून टॉर्क पाना वापरायचा, स्लायडर बनवणाऱ्याने दिलेला आकडा पाळायचा, आणि पहिल्या डोंगरवाटेनंतर प्रत्येक बोल्ट पुन्हा तपासायचा. रंगाच्या थरावर आवळलेला बोल्ट तर हमखास सैल होतो, कारण दाबाखाली रंग पिचत जातो.

वेल्डिंगची वाट निवडली तर कष्ट सुरुवातीलाच. सर्वांत आधी बॅटरीची ऋण तार काढायची, नाहीतर वेल्डिंगचा प्रवाह गाडीच्या संगणकातून वाट शोधतो. अर्थिंगचा चिमटा ज्या जागी वेल्ड करायचं तिच्याजवळच चकचकीत घासलेल्या धातूला लावायचा. मग चासीच्या आत काय काय धावतं आहे ते बघायचं. ब्रेकचे पाइप, इंधनाच्या नळ्या, वायरींचा जुडगा हे सगळं चासीच्या आतल्या अंगाने गेलेलं असतं. बाहेरून वेल्ड करताना आतली भिंत लाल होते, हे विसरणाऱ्याने गाड्या पेटवल्या आहेत. ओलं गोणपाट, आग विझवायचा सिलिंडर, आणि फक्त ठिणग्यांवर नजर ठेवायला बसलेला दुसरा माणूस, इतकी तयारी झाल्याशिवाय वेल्डिंगच्या टॉर्चला हात लावायचा नाही.

त्यानंतर ग्राइंडर. चासीवरचा काळा थर, गंज, तेल, सगळं उतरून खाली चंदेरी पोलाद दिसेपर्यंत घासायचं. गाडी सपाट जमिनीवर, धुऱ्यांखाली स्टँड लावून, ती नेहमी जशी उभी असते तशीच ठेवायची. स्लायडर जॅकवर तोलून जागेवर आणायचा. आता सगळ्यांत नाजूक काम येतं. उंबरठा आणि नळी यांच्यात साधारण १२ ते २५ मिलिमीटरची फट ठेवायची. गाडीचं शरीर रबरी गाद्यांवर असल्यामुळे वाकड्यातिकड्या जमिनीवर ते चासीपासून थोडं हलतं. फट फार कमी असली तर नळी उंबरठ्यावर आपटते. फार जास्त असली तर नळी खाली लोंबते आणि कमावलेली उंची आपणच गमावतो. बोटांनी, पट्टीने, लाकडाच्या चिपा घालून ही फट पुढून मागेपर्यंत सारखी करतात. चारही दारं उघडून बंद करून बघतात. गाडीपासून दहा पावलं मागे जाऊन, खाली बसून, नळी उंबरठ्याच्या रेषेला समांतर आहे का ते बघतात. डावी झाली की उजवी. दोन्हींत अर्धा सेंटिमीटरचा फरक असला तरी तो गाडीच्या मालकाला रोज दिसणार असतो.

मग फक्त टाके. प्रत्येक पायाला दोन-दोन ठिकाणी. टाके मारून झाले की परत मोजायचं, कारण टाका थंड होताना पोलाद आपल्याकडे ओढतो आणि फट बदलते. मन भरलं तरच पूर्ण वेल्ड घ्यायचा, तोही एका पायावर सलग नाही. पुढच्या पायाला थोडा, मागच्याला थोडा, मधल्याला थोडा, म्हणजे उष्णता एका जागी साठत नाही. पट्टीचे कोपरे गोल केलेले असतात. चासीच्या लांबीच्या दिशेने जाणारा वेल्ड चालतो. चासीला आडवा छेदणारा, वरून खाली सरळ उतरणारा वेल्ड टाळतात, कारण चासी रस्त्यावर सतत वाकत-सरळ होत असते आणि वेल्डशेजारचं तापून निवलेलं पोलाद अशा वाकण्याने तिथेच तडकतं. वरच्या आणि खालच्या कडांपासूनही दूर राहतात, कारण वाकण्याचा सगळ्यांत जास्त ताण तिथेच असतो.

शेवटी रंग. आतली जळलेली बाजू हात पोचेल तिथवर घासून तिच्यावर जस्तयुक्त प्रायमर आणि मेणाचा थर देतात. हे काम कंटाळवाणं आहे, डोळ्यांना दिसत नाही, आणि म्हणूनच अनेकदा राहून जातं. अमेरिकेच्या बर्फाळ राज्यांत रस्त्यावर मीठ टाकतात. तिथे उघडं राहिलेलं पोलाद दोन-चार हिवाळ्यांत पापुद्र्यांनी सुटतं. चासीच्या गंजाचा प्रश्न टाकोमाच्या मालकांना तर चांगलाच ठाऊक आहे. २००५ ते २०१० या काळातल्या टाकोमा आणि टोयोटाच्या आणखी दोन गाड्यांच्या चासी गंजल्याच्या तक्रारींवरून सामूहिक दावा झाला. कंपनीने दोष मान्य केला नाही, पण २०१६ साली सुमारे १५ लाख गाड्यांसाठी ३.४ अब्ज डॉलरपर्यंत जाऊ शकणारी तडजोड स्वीकारली. अशा गाडीच्या पोटाशी आपण ग्राइंडर घेऊन जातो आहोत, याची आठवण ठेवूनच रंगाचा डबा उघडावा लागतो.

*

स्लायडर बसला की त्याची परीक्षा अंगणातच होते. नळीच्या मधोमध उंच जॅक लावायचा आणि एक बाजू उचलायची. इंडियाना राज्यातल्या ब्लूमफील्ड गावात १९०५ पासून बनणारा हाय-लिफ्ट जॅक शेतकऱ्यांच्या कोठारातून या खेळात आला. गाडीला स्लायडर असला की तो बाजूने कुठेही लावता येतो. हँडलच्या रेषेत तोंड न आणता एकेक खटका वर घ्यायचा. दोन्ही चाकं जमीन सोडतात. या वेळी नळी आणि उंबरठ्यामधली फट बघायची. ती जराशी कमी होईल, पण नळी उंबरठ्याला शिवता कामा नये. गाडी खाली घेतली की फट मूळ मापावर परत आली पाहिजे. आली नाही, तर कुठेतरी पोलाद कायमचं वाकलं आहे.

या नळीला एक छोटा जोडभाग असतो, ज्याकडे नवख्याचं लक्ष जात नाही. मागच्या चाकाच्या अलीकडे नळी किंचित बाहेर वळलेली असते. अरुंद घळीत गाडी वळताना मागचं चाक पुढच्यापेक्षा आतून जातं आणि गाडीची बाजू झाडावर किंवा शिळेवर घासू लागते. हा बाहेर आलेला कोपरा आधी टेकतो आणि गाडीचा मागचा भाग अलगद बाहेर ढकलतो. अशा ठिकाणी जाणकार चालक स्टिअरिंगशी झगडत नाही. तो मुद्दाम स्लायडर दगडाला टेकवतो आणि त्याला टेकूनच वळतो.

म्हणजे ही वस्तू चिलखतापेक्षा होडीच्या तळाशी जास्त जवळची. तिला घसरता आलं पाहिजे. त्यासाठी खाली तोंड करून कुठलाही बोल्ट, पट्टी किंवा कडा बाहेर डोकावू देत नाहीत. एक बोल्टचं डोकं जरी दगडात अडकलं तरी दोन टनांची गाडी तिथेच टांगून राहते. युटा राज्यात मोआब गावाभोवती तांबूस वालुकाश्माच्या विस्तीर्ण पाठी आहेत. जुन्या वसाहतवाल्यांच्या घोड्यांचे लोखंडी नाल त्यावर घसरत, म्हणून त्यांनी त्या दगडाला 'स्लिकरॉक' म्हटलं. रबरी टायर मात्र त्यावर घट्ट चिकटतात. १९६७ पासून तिथे ईस्टरच्या सुमारास जीपवाल्यांचा मेळा भरतो. तिथल्या पायऱ्यांवरून उतरताना टायर धरून ठेवतात आणि स्लायडर घसरतो, आणि त्या दोघांच्या जोडीवर गाडी खाली येते.

स्लायडर सगळं वाचवत नाही. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या खाली वेगळ्या जाड पट्ट्या लागतात. दोन्ही बाजूंचे मिळून ४५ ते ७० किलो वजन गाडी कायम वाहते, इंधन जास्त खाते, स्प्रिंगांवर भार पडतो. आणि वाटेचीही काही मागणी असते. सांडलेल्या तेलामुळे आणि मैल्यामुळे रुबिकॉनचं पाणी दूषित होत असल्याने २००९ साली कॅलिफोर्नियाच्या प्रादेशिक जल-मंडळाने वाट सुधारण्याचा आदेश काढला. आता तिथे जाणाऱ्याने तेल टिपायचं साहित्य आणि शौचाची पिशवी बरोबर नेलीच पाहिजे. गाडी भक्कम झाली म्हणून दगडावर जोरात आदळायची मुभा मिळत नाही. उलट, अशी माणसं चालण्याच्या वेगाहूनही हळू जातात.

*

महाराष्ट्रात ही वस्तू आता परकी राहिलेली नाही. नाशिकला बनणारी थार, इगतपुरीजवळची महिंद्राची ऑफ-रोड प्रशिक्षणाची जागा, गोव्यात २०१४ पासून भर पावसात होणारी रेनफॉरेस्ट चॅलेंज, यांमुळे सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना चिखल तुडवणाऱ्या गाड्यांची एक पिढी तयार झाली आहे. इथला दगड मात्र वेगळा. सिएराचा ग्रॅनाइट कोरडा आणि खरबरीत, टायरला धरतो. आपला काळा बेसाल्ट जुलैत शेवाळाने तुळतुळीत होतो, आणि कोकणातला भिजलेला जांभा चाकाखाली फुटून लाल चिखल होतो. इथे गाडी धोंड्यावर बसण्यापेक्षा आडवी सरकून कडेच्या दरडीला टेकण्याची भीती अधिक. त्यामुळे बाहेर वळलेल्या मागच्या कोपऱ्याचं मोल इथे जास्त.

पण इथे वेल्डरकडे जाण्याआधी कायद्याचं पुस्तक उघडावं लागतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करायला मनाई करतं. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय परिवहन मंत्रालयाने त्याच आधारावर पुढच्या बंपरवरच्या क्रॅश गार्डवर कारवाई करायला राज्यांना सांगितलं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाने ठरवलेल्या रचनेशी विसंगत बदल करता येणार नाही असा निर्णय दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा फेरफाराला प्रत्येकी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. चासीवर वेल्डिंग केलं की गाडीची हमी आणि विमा हेही प्रश्न उभे राहतात. ज्यांची गाडी रोज पुणे-मुंबई रस्त्यावर धावते, त्यांनी उत्पादकाने मान्य केलेलं, चासीला भोक न पाडता बोल्टने बसणारं साहित्यच निवडावं. आणि ज्यांच्या गाडीला वेगळी चासीच नाही, शरीर आणि सांगाडा एकच आहे, त्यांनी हा नाद सोडलेला बरा. तिथे नळी जोडायला भक्कम असं काही नसतंच.

*

रुबिकॉनवरून उतरलेली गाडी रविवारी संध्याकाळी घरी येते तेव्हा तिच्या दोन्ही नळ्यांखालचा काळा रंग गेलेला असतो. पोलादावर लांब, चंदेरी, एकमेकींना छेदणाऱ्या ओरखड्यांची जाळी उमटलेली असते आणि तिच्यात ग्रॅनाइटची करडी भुकटी अडकलेली असते. अनुभवी माणसं स्लायडरला भट्टीत भाजलेला महागडा पावडर रंग देत नाहीत ते यासाठीच. त्याच्या कपच्या उडाल्या की उरलेल्या थराखाली पाणी शिरून गंज आतल्या आत पसरतो. साध्या फवारणीचा डबा पुरतो.

अंगणात जुनं कापड अंथरलं जातं. पाण्याच्या जोराने चिखल धुऊन काढतात, तारेच्या ब्रशने ओरखडे घासतात, चिकटपट्टी लावून उंबरठा झाकतात आणि काळ्या रंगाचे दोन पातळ हात मारतात. रंग वाळेपर्यंत पाठीवर झोपून टॉर्च आणि पाना घेऊन आत सरकायचं असतं. पुढच्या पायाचे चार बोल्ट टिच्चून बसलेले असतात, मधल्या पायाचेही. मागच्या पायाचा खालचा, ज्याच्यावर परवा गाडी पूर्ण टेकली होती, तो पाना लावताच पाव फेरा फिरतो. मग तो आवळला जातो, आणि त्याच्या डोक्यावरून पट्टीवर खडूने एक सरळ रेघ ओढली जाते, म्हणजे पुढच्या खेपेला तो हलला की रेघ मोडलेली दिसेल.